बिनहिसक्याचा माणूस

वसमतच्या आमच्या वर्कशॉपचं शटर संध्याकाळी खाली यायला इतका वेळ लागायचा, की समोरचा पानवाला म्हणायचा, सरांनी शटर धरलं, चला, आपण घरी जाऊन जेवून येऊ. त्याची अतिशयोक्ती होती, पण फार नव्हती. सर, म्हणजे आमचे मालक, दोन्ही हातांनी कडी धरून ते शटर असं खाली आणायचे, की जणू झोपलेलं लेकरू खांद्यावरून गादीवर ठेवून राहिलेत. शेवटची वीतभर तर मुंगीच्या चालीनं. सगळ्या बाजारात धाडधाड शटरं आदळायची, आणि आमचं कधी बंद झालं ते कुणाला कळायचं नाही.

त्यांना हिसका सहन व्हायचा नाही. वेड म्हणा, खोड म्हणा, एवढी एकच. एसटीवाल्यानं कचकन ब्रेक मारला, कुणी दार आपटलं, कुणी कप बशीवर आदळला, की त्यांचं तोंड असं व्हायचं जसं कुणी त्यांच्या पायावर पाय दिला. "सावकाश सुरू, सावकाश बंद" हे त्यांचं लाडकं वाक्य. पंखा लावायचा तर एकवर, मग थोडं थांबून दोनवर. फोन ठेवायचा तर "बरं... मग... हं... बरं मग..." असं करत करत आवाज बारीक करायचा. पलीकडचा माणूस शेवटी कंटाळून आपणच ठेवून द्यायचा.

ते सगळ्यांना अहो म्हणायचे. गिऱ्हाइकाला अहो, झाडूवालीला अहो, शटरखाली सावलीला येऊन बसणाऱ्या कुत्र्यालासुद्धा "अहो, जरा सरकता का". मी तर वयानं त्यांच्या निम्मा. मला लाज वाटायची, म्हणून एकदा म्हणलं, सर, मला अरे म्हणा की. तर म्हणाले, "आज तुम्हाला अरे म्हणलं, आणि उद्या तुम्ही मोठे झालात, तर मला एकदम अहोवर यावं लागंल. हिसका बसतो. त्यापेक्षा आधीपासूनच अहो बरं."

वाईट बातमी सांगणं म्हणजे त्यांच्या जिवावर यायचं. वर्कशॉपात एक टर्नर होता, कामाला एक नंबरचा आळशी. त्याला काढायचं सरांनी ठरवलं. पण एकदम कसं सांगणार? म्हणून आधी त्याला शनिवारची सुट्टी दिली. मग जड कामं दुसऱ्याला दिली. मग म्हणाले, तुम्ही सकाळी थोडं उशिरा आलात तरी चालंल. तो गडी सगळीकडे सांगत फिरला, की आपली बढती होऊन राहिली. शेवटी त्याच्या सासऱ्यानं त्याला परभणीला स्वतःच्या दुकानात बोलावलं म्हणून तो गेला, नाहीतर सर अजून त्याला काढतच बसले असते. जाताना तो रडला. म्हणाला, असा मालक पुन्हा भेटायचा न्हाई.

सर तसे वसमतचेच, पण बरीच वर्षं पुण्याकडे एका कारखान्यात इलेक्ट्रॉनिक्सच्या कामावर होते. एका सकाळी तो कारखाना बंद झाला. आदल्या दिवशीपर्यंत काही नाही, आणि सकाळी गेटला कुलूप. आतमध्ये ज्या मशीनवर त्यांनी अर्धं आयुष्य काढलं होतं, तिचा निरोप घ्यायलासुद्धा कुणी आत सोडलं नाही. पुढं ती मशीन भंगारात निघाली, तेव्हा सरांनीच ती घेतली आणि ट्रकवर टाकून गावी आणली. तिचा जुना कंट्रोल मेलेला होता. सरांनी तिला साधा घरगुती कॉम्प्युटर जोडला आणि मोटारींचं सगळं गणित आपल्या हातानं लिहिलं. लोक म्हणायचे, त्या कुलपापासून सरांना हिसक्याची भीती बसली. माझ्या याडीचं, म्हणजे आमच्या तांड्याच्या बोलीत आईचं, मत वेगळं होतं. ती म्हणायची, न्हाई रे, हा माणूस पाळण्यातसुद्धा असाच असंल, रडायला लागला तरी हळूहळू लागत असंल.

आता माझं सांगतो, कारण त्याशिवाय सरांचं सांगताच येत नाही.

माझा उजवा हात थरथर कापतो. आज्याचा कापायचा, बाचा कापायचा, माझाही कापतो. आमचा तांडा औंढ्याकडच्या माळावर, आणि तिथं ह्याला कुणी रोग म्हणत नाही. त्यांचा हातच तसा, एवढंच म्हणतात. हिंगोलीच्या आयटीआयमध्ये मी मशिनिस्टचा कोर्स केला आणि बऱ्या मार्कांनी पासही झालो. तिथल्या जुन्या मशीनला लोखंडी जड हँडल होती. जड हँडल कापऱ्या हाताला सांभाळून घेतं, थोडंफार पोटात घालतं. पण नांदेडला, औरंगाबादला नोकरीसाठी गेलो तर सगळीकडे कॉम्प्युटरच्या मशीन आलेल्या. त्यांचं हँडव्हील वाटीएवढं आणि फुलासारखं हलकं. टेबलाशी ते लोखंडानं जोडलेलंच नाही, नुसती मोजणी. एक खट् झालं की काम बांधायचं लोखंडी टेबल एक बारीक पाऊल सरकतं. तुमचा हात किती कापतो ते त्याला सगळं कळतं, आणि ते सगळं टेबलाला सांगतं. साहेब लोक माझा हात बघायचे आणि म्हणायचे, कळवतो.

कुणी काही कळवलं नाही. तिकडं तांड्यावर दसरा झाला की ट्रक यायचे आणि माणसं ऊस तोडायला जायची. मुकादम मला म्हणायचा, अरे कोयत्याला हात कापला तरी चालतंय, ऊस काय तक्रार करतो व्हय? बाच्या नडगीवर एक लांबलचक व्रण होता, कापऱ्या हातातला कोयता घसरल्याचा. तो व्रण मी लहानपणापासून बघत आलो होतो. मशीन मिळाली नाही तर तोच कोयता, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून वसमतला एका वेड्या माणसानं कॉम्प्युटरची मशीन आणलीय असं ऐकलं, आणि दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या दारात उभा.

सरांनी चहा मागवला. मी बशीत ओतला, उचलला, आणि निम्मा त्यांच्या टेबलावर सांडला. वाटलं, झालं, आता म्हणतील कळवतो. सर त्या सांडलेल्या चहाकडे बघत बसले. मग विचारलं, "सकाळी जास्त कापतो का संध्याकाळी?"

मी म्हणलं, "कुणी बघून राहिलं की जास्त."

"मग मी बघत न्हाई," असं म्हणून त्यांनी खुर्ची उलटी फिरवली आणि खिडकीकडे तोंड करून बसले.

तुम्हाला खोटं वाटेल, पण त्यानंतर मी मशीनवर असलो की सर माझ्याकडे पाठ करूनच बसायचे. गिऱ्हाइकांना वाटायचं आमचं भांडण झालंय. ते खिडकीकडे बघत मशीनचा आवाज ऐकायचे, आणि तिकडूनच सांगायचे, आता दोन पुढं गेलात, एक मागं आलात, पुन्हा दोन पुढं. बरोबर तसंच झालेलं असायचं. माझ्या हाताखाली ते टेबल तापानं फणफणलेल्या माणसासारखं थरथरायचं. कापणारं टूल जॉबला, म्हणजे बांधलेल्या तुकड्याला, लागलं का हे बघायला आम्ही मधे पतंगाच्या कागदाची पट्टी धरायचो. कागद चिमटीत धरल्यासारखा अडकला, की थांबायचं. माझा कागद रोज फाटायचा. मी मुकादमाच्या ट्रकची वाट बघायला लागलो होतो.

सर मात्र कॉम्प्युटरशी भांडत बसले होते. काय करून राहिलात म्हणलं, तर म्हणायचे, "तोतऱ्या माणसाचं बोलणं आपण कसं ऐकतो? अडखळतो ते सोडून देतो, सांगायचंय ते घेतो. मग मशीननं काहून घेऊ नये?" म्हणजे हँडव्हीलचा प्रत्येक खट् आला की टेबलाला लगेच पळवायचं नाही. थोडे जमू द्यायचे, पुढचे मागचे एकमेकांत जिरवायचे, आणि हाताला खरं कुठं जायचंय ते ओळखून टेबल त्या बाजूला मऊपणे न्यायचं. सुरुवात हळू, मधे वेग, शेवट हळू. माझ्यासाठी करतोय असं ते एकदाही म्हणाले नाहीत. म्हणायचे, मला ह्या टेबलाचे हिसके ऐकवत न्हाईत.

एका सकाळी मी आलो तर मशीनच्या टेबलावर बशी. काठोकाठ भरलेली, चहाची. सर खिडकीकडे तोंड करून बसलेले. म्हणाले, "ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत आणा."

मी म्हणलं, सर, सांडंल. पाठ हलली नाही. मी हँडव्हील धरलं. हात कापतच होता, नेहमीपेक्षा जास्तच. पण टेबल निघालं ते असं निघालं, की निघाल्याचं कळलंच नाही. बशीतल्या चहावर साय आली होती, ती साय जराशी एका बाजूला कलली आणि तशीच कलून राहिली. टेबल त्या टोकाला गेलं, हळूच थांबलं. एक थेंब नाही. जन्मात पहिल्यांदा मी माझ्या हातानं बशीभर चहा एका जागेवरून दुसऱ्या जागेवर नेला होता. मी तिथंच उभा राहून रडलो, आणि सरांनी पाठ केलेली होती ते बरंच झालं.

सर उठले, बशी उचलली, चहा प्याले. म्हणाले, "थंड झाला. एवढं सावकाशही नको."

त्या साली मी ऊसतोडीला गेलो नाही. वर्कशॉपात हळद पॉलिश करायच्या ड्रमचे गिअर, मोटारींची झाकणं, काय काय यायचं, आणि मी ते करायचो. पण गिऱ्हाईक आलं की आधी माझ्या हाताकडे बघायचं. मीही मनातून कच्चाच होतो. वाटायचं, हे सगळं सरांच्या मायेवर चाललंय, एक दिवस मोठी चूक होईल आणि सगळ्यांना कळंल की हा हात मशीनचा न्हाईच.

तो दिवस आला. गळीत हंगाम ऐन भरात होता. जवळच्या साखर कारखान्याच्या एका मोठ्या पंपाचं तोंड खराब झालं, आणि तिथले इंजिनिअर साहेब स्वतः जीपमध्ये घालून तो पंप घेऊन आले. पंप बंद म्हणजे गाळप बंद. यार्डात उसाच्या गाड्यांची रांग लागलेली, आणि त्या रांगेत आमच्या तांड्याचीच माणसं, माझी याडीसुद्धा, उपाशीतापाशी बसलेली. पंपाच्या तोंडावरून एक थर काढून ते सपाट करायचं, एवढंच काम. थंडीचे दिवस होते. थंडीत माझा हात जास्त कापतो, म्हणून सरांनी सकाळीच कॉम्प्युटरमधला मऊपणा आणखी वाढवून ठेवला होता.

पंप टेबलावर बांधला. टूल बंद ठेवून मी टेबल त्याच्याकडे सरकवत आणलं. कागदाची पट्टी मधे धरलेली. कागद अडकला. मी थांबलो. आणि टेबल थांबलं नाही. उताराला लागलेल्या गाडीसारखं ते आपलं सरकत राहिलं, मऊ, सावकाश, आवाज न करता. टूल कटकन मोडलं आणि पंपाच्या तोंडाचा टवका उडाला.

साहेब माझ्या हाताकडे बघत होते. तो आता पानासारखा हलत होता. ते सरांना म्हणाले, "अहो, असल्या हाताला मशीन दिलीच काहून तुम्ही?"

मलाही तेच वाटलं. हातानंच केलं असणार. मला मुकादमाचा ट्रक दिसला, बाची नडगी दिसली. सर आता काय करणार ते मला माहीत होतं. ते साहेबांना चहा देतील, हवापाण्याचं विचारतील, आणि तोवर माझा हिशोब होऊन गेलेला असंल.

सर उठले. इतक्या झटक्यानं उठले, की खुर्ची मागं धाडकन पडली. त्या वर्कशॉपात त्यांच्या हातून झालेला तेवढा एकच आवाज मी ऐकला.

"हात थांबला होता," ते म्हणाले. "टेबल थांबलं न्हाई. चूक माझी हाय."

साहेब म्हणाले, तुम्ही तर पाठ करून बसला होता.

"मी खिडकीच्या काचेत बघून राहिलो होतो. रोज बघतो. ह्यांचा हात बराबर थांबतो."

बघा आता. इतके दिवस मी समजत होतो की हा माणूस बघत नाही म्हणून आपलं चाललंय. आणि ते रोज, प्रत्येक दिवशी, त्या काचेत माझा हात बघत होते. बघून सांगत होते की हात बराबर आहे. माझ्या हाताला बराबर म्हणणारं त्याआधी कुणी भेटलं नव्हतं, घरचंसुद्धा नाही.

मग सर कॉम्प्युटरपुढे बसले. काय चुकलं होतं ते त्यांना तेव्हाच कळलं होतं. मऊपणाच्या नादात हाताचे जमवून ठेवलेले खट् हात थांबल्यावरही टेबलाकडे उरत होते, आणि टेबल इमानदारीनं ते पुरे करत होतं. त्यांनी एवढंच बदललं, की हात चालू आहे तोवर मऊपणा. हात थांबला की उरलेलं सगळं टाकून द्यायचं आणि तिथंच थांबायचं. थोडा हिसका बसला तर बसला. "बसू द्या," ते म्हणाले. हे त्यांच्या तोंडून ऐकलं तेव्हा मला त्यांची कीव आली.

साहेबांचं म्हणणं, आता तुम्ही स्वतः करा. सर म्हणाले, माझ्या हाताला सवय न्हाई, हेच करतील. आणि हँडव्हील पुन्हा माझ्या हातात दिलं. ह्या वेळी ते खिडकीकडे तोंड करून बसले नाहीत. समोर उभे राहिले, आणि उघड उघड बघत राहिले. माझा हात कापला, खूप कापला. कागद अडकला. मी थांबलो. टेबल थांबलं. टवक्याच्या खालपर्यंत थर घेतला, पॅकिंग जरा जाड बसवायला सांगितलं, आणि पंप जीपमध्ये चढला. संध्याकाळी याडीची गाडी वजनकाट्यावर गेली. पुढं त्याच साहेबांची कामं आली की चिठ्ठी असायची, कापऱ्या हाताच्या भाऊंकडेच द्या. मला ते नाव आवडायचं, आजही आवडतं.

पुढच्या वर्षांचं काय सांगू? सरळ गेली. फक्त सर थोडे थोडे कमी होत गेले, आणि ते माझ्या ध्यानातच आलं नाही. आधी त्यांनी मला टूलच्या कपाटाची चावी दिली. मग ऑफिसची. मग म्हणाले, गिऱ्हाइकांशी तुम्हीच बोलत चला, माझं लांबतं. ते तर खरंच होतं. मग ते दुपारनंतर यायला लागले, मग एक दिवसाआड. डोळे अधू झाले होते. मुलगी नागपूरला. थोडे दिवस तिच्याकडे जाऊन येतो म्हणायचे, आणि यायचे. पुढच्या वेळी जरा उशिरा यायचे. शटर मी लावायला लागलो होतो. एकदा याडीला सांगत होतो की सर नागपूरला गेलेत, आले की विचारतो. ती म्हणाली, "लेकरा, ते गेले रे कवाच. वर्कशॉप तुझ्या हातात देऊन गेले. तुला कळलं न्हाई का?"

खरंच कळलं नव्हतं. त्या आळशी टर्नरला मी इतका हसलो होतो, आणि माझंही तसंच झालं. फक्त त्याला ते दुकानातून बाहेर काढत होते, आणि मला आत.

नागपूरहून त्यांचा फोन यायचा. आधी आठवड्याला, मग महिन्याला, मग सणावाराला. "बरं... मग... हं..." ते सगळं तसंच. मी कधी आधी ठेवला नाही.

मग एकदा त्यांच्या मुलीचा फोन आला. म्हणाल्या, बाबांना जरा बरं नाही. मी म्हणलं येतो. नको, इतकं काही नाही, त्या म्हणाल्या. काही दिवसांनी पुन्हा फोन, बाबा आता फारसं बोलत नाहीत. मी कपडे भरले. त्या म्हणाल्या, थोडं थांबा. मग तिसरा फोन आला, आणि त्यांनी सांगितलं.

मी विचारलं, कधी? त्या म्हणाल्या, "दादा, रागावू नका. मी पहिला फोन केला, तेव्हाच बाबांना जाऊन पंधरा दिवस झाले होते. तुम्हाला एकदम सांगायचं नाही, हे त्यांनी माझ्याकडून वदवून घेतलं होतं."

मी रागावलो. खोटं काहून बोलू? फोन ठेवला आणि मशीनपाशी जाऊन त्यांना चांगल्या शिव्या दिल्या. म्हणलं, सर, हे तुमचं तेच जुनं. हात थांबला आणि टेबल चालतच राहिलं. मशीनमधली चूक काढलीत, स्वतःतली तशीच ठेवलीत. पण शिव्या देता देताच मला कळत होतं, की त्या पंधरा दिवसांत, आणि त्यानंतरही, मी पोटभर जेवलो होतो, हसलो होतो, कामं केली होती, कारण माझे सर जिवंत होते. तेवढे दिवस त्यांनी मला जास्तीचे काढून दिले. असं कोण देतं कुणाला?

संध्याकाळी शटर खाली घेताना माझा हात फार कापत होता. कुणी बघत नव्हतं तरी. शेवटची वीतभर उरली आणि मला पुढं ओढवेना, म्हणून तसाच धरून उभा राहिलो. समोरून पानवाला आला, त्यानं दुसरी बाजू धरली. त्याचाही सरांवर फार जीव. म्हणाला, काय झालं भाऊ, चेहरा काहून असा?

मी म्हणलं, "काही न्हाई. सरांना जरा बरं न्हाई."